बळजोरीला न जुमानणारे कुलूप

गुपित दोन वाटांनी फुटते. एक तर ते कुणाच्या तोंडून बाहेर पडते, नाहीतर कुणीतरी ते शोधून काढते. पहिल्या वाटेवर माणसाचा स्वभाव असतो: विश्वास, भीती, मोह, निष्काळजीपणा. त्याचे मोजमाप होत नाही. दुसऱ्या वाटेचे मात्र होते, आणि तेही पैपैचा हिशेब लागावा इतके नेमके. शक्यता किती आणि एक शक्यता तपासायला वेळ किती, यांचा गुणाकार केला की कुलूप किती काळ टिकेल ते सांगता येते. प्रवासाच्या बॅगेला तीन आकड्यांचे कुलूप असते. ००० पासून ९९९ पर्यंत १,००० शक्यता. सेकंदाला एक या वेगाने आकडे फिरवत बसले तर सतरा मिनिटांत बॅग उघडलीच पाहिजे. त्यासाठी चोराला ना हुशारी लागते ना हत्यार. चिकाटी असली की झाले. संगणकाच्या जगात या पद्धतीला ‘ब्रूट फोर्स’ म्हणतात. डोके चालवायचे नाही, एकामागून एक सगळ्या शक्यता तपासत जायचे.

या बळजोरीची जी धास्ती सर्वसामान्य माणसाने घेतली आहे, ती चुकीच्या जागी आहे असे माझे म्हणणे आहे. नीट बनवलेल्या गुपितापुढे जगातले सगळे संगणक एकत्र आले तरी हात टेकतात. तरीही रोज गुपिते फुटतात, खाती रिकामी होतात, फायली चव्हाट्यावर येतात. कारण शक्यतांचा तो अफाट पसारा आपणच आक्रसून टाकतो: कधी सवयीने, कधी संस्थांच्या आळसाने, तर कधी सरकारच्या आग्रहाने. यात कोणाचा दोष किती, हे नेमके ठरवायला हवे. आज तो बहुतेक वेळा सगळ्यात दुबळ्या माणसाच्या माथी मारला जातो.

आधी गणिताची ताकद पाहू. बॅगेच्या कुलपाला चौथा आकडा जोडला तर मालकाला एक आकडा जास्त लक्षात ठेवावा लागतो, चोराचे काम मात्र दहापट होते. संगणकाची किल्ली शून्य आणि एक या दोनच चिन्हांची, म्हणजे बिटांची असते. तिथे एक बिट वाढला की शक्यता दुप्पट होतात. दहा बिट वाढले की सुमारे हजारपट, वीस वाढले की दहा लाखपट. रक्षण करणाऱ्याचा खर्च चिमटीचिमटीने वाढतो आणि हल्ला करणाऱ्याचा दर पावलाला दुप्पट होतो. गडकोटांच्या इतिहासात असे कधी घडले नाही. तट जाड केला की समोरचा मोठी तोफ आणत असे, आणि ज्याचा खजिना मोठा त्याची सरशी होत असे. इथे खजिन्याचा तो मान चालत नाही. शाळकरी मुलीच्या साध्या फोनमधली किल्ली एखाद्या महासत्तेच्या संगणकांपुढेही टिकू शकते. सत्तेपुढे आणि पैशापुढे दुबळ्याची बाजू इतक्या ठामपणे घेणारा दुसरा नियम मला ठाऊक नाही.

हा नियम कागदावरचा नाही. अमेरिकेत त्याची उघड परीक्षा झाली. १९७७ मध्ये तिथल्या सरकारने ‘डीईएस’ ही कूटलेखनाची पद्धत प्रमाण म्हणून जाहीर केली. आयबीएमच्या संशोधनातून ती आली होती आणि तिची किल्ली ५६ बिटांची होती. म्हणजे शक्यता ७२ वर पंधरा शून्ये इतक्या. आकडा डोळे दिपवणारा होता, पण व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी त्याच वर्षी हिशेब मांडून दाखवला. सेकंदाला दहा लाख किल्ल्या तपासणाऱ्या दहा लाख चिप एकत्र बसवल्या, तर साधारण दोन कोटी डॉलरच्या यंत्राने दिवसभरात किल्ली सापडेल असे त्यांचे गणित होते. किल्ली लांब करा, असा त्यांचा आग्रह होता. तो मानला गेला नाही.

वीस वर्षांनी गणिताने आपले देणे वसूल केले. १९९७ मध्ये हजारो स्वयंसेवकांनी घरचे आणि कचेरीतले संगणक इंटरनेटवरून एकत्र जुंपले आणि एक चतुर्थांश शक्यता धुंडाळल्यावर किल्ली हाती आली. जुलै १९९८ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ या नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या संस्थेने अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात एक खास यंत्र बांधले. सेकंदाला सुमारे ९,००० कोटी किल्ल्या तपासणाऱ्या या यंत्राने ५६ तासांत किल्ली काढली. जानेवारी १९९९ मध्ये हे यंत्र आणि स्वयंसेवकांचे जवळपास एक लाख संगणक यांनी मिळून तेच काम २२ तास १५ मिनिटांवर आणले. हे यंत्र बांधण्यामागे चोरीचा हेतू नव्हता. ५६ बिट पुरेसे आहेत असे सांगणाऱ्यांना लोकांच्या डोळ्यांदेखत उत्तर द्यायचे होते.

यातून धडा कोणता घ्यायचा? कोणतेही कुलूप कधी ना कधी तुटतेच, असा निष्कर्ष अनेकांनी काढला आणि तो चुकीचा आहे. डीईएसचे कुलूप मुळातच आखूड ठेवले होते आणि किती आखूड आहे हे पहिल्याच वर्षी सांगितले गेले होते. २००१ मध्ये अमेरिकेने तिच्या जागी ‘एईएस’ ही नवी पद्धत प्रमाण केली. ती योआन डामेन आणि विन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांनी रचली आहे आणि तिची किल्ली किमान १२८ बिटांची असते. बिट वाढले ७२, म्हणजे दुपटीपेक्षा थोडे जास्त. शक्यता मात्र ३४ वर ३७ शून्ये इतक्या झाल्या.

हा आकडा केवढा मोठा आहे? जगभरातली बिटकॉइनची यंत्रे मिळून २०२५ च्या सुमारास सेकंदाला १ वर २१ शून्ये इतक्या आकडेमोडी करण्याच्या पल्ल्यात पोचली. एकाच प्रकारच्या कामाला जुंपलेला एवढा मोठा ताफा माणसाने आजवर उभा केलेला नाही, आणि त्याला देशादेशांएवढी वीज लागते. हा सगळा ताफा १२८ बिटांची एक किल्ली शोधायला जुंपता आला असे धरू. सगळ्या शक्यता संपायला सुमारे १,०८० कोटी वर्षे लागतील. नशिबाने किल्ली अर्ध्या वाटेवर सापडली तरी ५४० कोटी वर्षे. पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे आहे.

उद्या यंत्रे वेगवान होतील, हा नेहमीचा आक्षेप. होऊ देत. किल्ली २५६ बिटांची केली की प्रश्न वेगाचा राहत नाही. आयबीएममधले भौतिकशास्त्रज्ञ रॉल्फ लँडाउअर यांनी १९६१ मध्ये दाखवले की माहितीचा एक बिट पुसायला ऊर्जेची एक किमान किंमत मोजावीच लागते. यंत्र कितीही कसबी बनवले तरी ती चुकत नाही. त्या किमतीने, नेहमीच्या तापमानाला चालणारा आजच्या धर्तीचा संगणक २५६ बिटांच्या सगळ्या शक्यता नुसत्या मोजायला बसला, एकही किल्ली कुलपाला लावून न पाहता, तर त्याला लागणारी ऊर्जा आपला सूर्य आपल्या सुमारे हजार कोटी वर्षांच्या आयुष्यात देईल तिच्या दोन लाख कोटी पटींहून जास्त भरते. क्वांटम संगणकांचीही अशीच हवा असते. लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या पद्धतीने असा संगणक शोधाचे काम फार तर वर्गमुळाइतके कमी करतो. म्हणजे २५६ बिटांची किल्ली त्याच्यापुढे १२८ बिटांसारखी ठरते, आणि १२८ बिटांचे काय होते ते वर आलेच आहे. क्वांटम संगणकाचा खरा धोका आहे तो किल्ल्यांची देवाणघेवाण करण्याच्या आरएसएसारख्या पद्धतींना. त्यावरच्या नव्या पद्धतीही ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत प्रमाण म्हणून जाहीर झाल्या आहेत.

मात्र नुसत्या मोठ्या आकड्यावर विसंबून चालत नाही. इंग्रजी वर्णमालेतल्या प्रत्येक अक्षराच्या जागी दुसरे अक्षर लिहायचे, ही फार जुनी सांकेतिक पद्धत. अशी अक्षरे जुळवण्याचे मार्ग ४ वर २६ शून्ये इतके आहेत, डीईएसच्या किल्ल्यांपेक्षा कितीतरी कोटी पट अधिक. तरी असला मजकूर रविवारच्या पुरवणीतले कोडे म्हणून सोडवता येतो. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी या विद्वानाने याचे मर्म लिहून ठेवले: भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित, आणि अक्षर बदलले तरी त्याचे वारंवार येणे बदलत नाही. मोजायला बसले की गुपित आपणहून बोलू लागते.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन एनिग्मा यंत्राची गोष्टही तीच. लष्कराच्या नेहमीच्या यंत्राची मांडणी १५९ वर १८ शून्ये इतक्या प्रकारे करता येत असे. हा आकडा डीईएसच्या दोन हजार पटींहून मोठा आहे. तरीही मारियान रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञाने १९३२ मध्येच एनिग्माची अंतर्गत रचना गणिताने उलगडली. पुढे इंग्लंडमध्ये ब्लेचली पार्कला ॲलन ट्युरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राच्या एका उणिवेचा फायदा घेतला. एनिग्मात कोणतेही अक्षर स्वतःच्याच रूपात कधी बाहेर पडत नसे. त्यात हवामानाचे अहवाल ठरलेल्या शब्दांत यायचे. संदेशात कोणता शब्द कुठे असणार याचा अंदाज बांधायचा, अशक्य मांडण्या तर्काने बाद करायच्या आणि उरलेल्याच यंत्राकडून तपासून घ्यायच्या, अशी ती रीत होती. आधी डोके आणि मग बळ, हा क्रम होता. एनिग्माचा आकडा मोठा असून ती बुद्धीपुढे हरली. डीईएसचा आकडा लहान होता, पण तिची रचना इतकी कसून केली होती की लोकांसमोर ती मोडायला बळच वापरावे लागले. सगळ्या शक्यता तपासायला लागणारा वेळ ही कुलपाच्या टिकाऊपणाची वरची मर्यादा आहे, हमी नव्हे. चोराला जवळची वाट मिळाली की ती मर्यादा निरर्थक होते. म्हणून पद्धत उघड असावी, चारचौघांनी तपासलेली असावी आणि गुप्त राहावी ती फक्त किल्ली. ऑगस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी कूटलेखनावर लिहिताना सांगितलेले हे तत्त्व आजही या शास्त्राचा पाया आहे.

गणित भक्कम आणि पद्धतही तपासलेली असेल तर मग घात कुठे होतो? किल्ली निवडताना. किल्ली लांब असून भागत नाही, ती सगळ्या शक्यतांमधून खरोखर यदृच्छेने उचललेली असावी लागते. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीत, ओपनएसएसएल या किल्ल्या बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक बदल केला गेला. तपासणीचे एक साधन काही ओळींवर बोट ठेवत होते, म्हणून त्या काढून टाकल्या. पण त्याच ओळी किल्लीत अनिश्चितता मिसळत होत्या. त्यानंतर बनलेल्या किल्ल्या दिसायला १,०२४ किंवा २,०४८ बिटांच्याच होत्या, प्रत्यक्षात मात्र त्या त्या प्रकारच्या यंत्रावर केवळ ३२,७६८ शक्यता उरल्या. मे २००८ मध्ये लुचियानो बेलो यांच्या लक्षात येईपर्यंत जगभरचे सर्व्हर अशा किल्ल्यांवर निर्धास्त चालत होते. कुलूप बाहेरून तिजोरीचे होते आणि आत बॅगेच्या कुलपापेक्षा जेमतेम दीड आकडा जास्त.

यंत्राची ही गत, तर माणसाची काय सांगावी? १९७९ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी लोकांनी स्वतः निवडलेले ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यातले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, एक तर फार आखूड होते, किंवा नुसत्या पाच-सहा अक्षरांचे, किंवा शब्दकोशात आणि नावांच्या यादीत सापडणारे. तीस वर्षांनी, २००९ मध्ये, ‘रॉकयू’ या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड जसेच्या तसे बाहेर पडले. त्यात पहिल्या क्रमांकावर होता १२३४५६. आपल्याकडचा नमुना शोधायला लांब जायला नको. मुलाचे किंवा कुलदैवताचे नाव, पुढे @, पुढे १२३ किंवा जन्मसाल. गाडीचा नंबर. लग्नाची तारीख. पासवर्ड फोडणारा आज ‘ए’पासून सुरुवात करत नाही. अशा फुटलेल्या याद्या, नावे, गावे, देवदेवता हे सगळे तो आधी चालवतो, आणि ‘ए’ऐवजी @ किंवा ‘ओ’ऐवजी शून्य लिहिण्याच्या आपल्या चातुर्याचे नियमही त्याच्या प्रोग्राममध्ये आधीच भरलेले असतात.

इथे ‘लोकच मूर्ख’ म्हणून मोकळे होण्याची पद्धत आहे. मला ती अन्यायाची वाटते. माणसाचा मेंदू अर्थ धरून लक्षात ठेवतो, निरर्थक चिन्हांचा ढीग तो टाकून देतो. हा मूर्खपणा नाही. त्याच्या या स्वभावाविरुद्ध नियम लादले गेले, तेव्हा त्याने सुटका शोधली. एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह आणि दर तीन महिन्यांनी नवा पासवर्ड, हे कचेऱ्याकचेऱ्यांतून घोकले जाणारे नियम पसरले ते बऱ्याच अंशी २००३ च्या एका अमेरिकी सरकारी मार्गदर्शिकेतून. तिचे लेखक बिल बर यांनी २०१७ मध्ये त्यातल्या बऱ्याच सल्ल्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. त्याच वर्षी ती मार्गदर्शिका बदलली: चिन्हांची सक्ती नको, ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, लांबी वाढू द्या आणि फुटलेल्या याद्यांतला पासवर्ड नाकारा. गणितही हेच सांगते. कळफलकावरच्या सगळ्या चिन्हांमधून यदृच्छेने उचललेल्या आठ चिन्हांपेक्षा नुसत्या लहान इंग्रजी अक्षरांतून तशीच उचललेली बारा अक्षरे चौदा पट शक्यता देतात. तरी आपल्याकडच्या कित्येक कचेऱ्यांत आणि संकेतस्थळांवर २००३ चेच नियम चालू आहेत.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की आपल्या संस्था नागरिकाला कच्चे गुपित निवडू देऊन थांबत नाहीत, कच्चे गुपित स्वतःच बनवून त्याच्या हातात ठेवतात. ई-आधारची फाईल उतरवून घ्या. तिचा पासवर्ड असतो नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि त्यापुढे जन्मवर्ष. ज्याला तुमचे नाव माहीत आहे त्याला फार तर शंभर वर्षे चाळायची आहेत, आणि तुम्हाला पाहिले असेल तर दहा-बाराच. अनेक बँका आणि विमा कंपन्या खातेउतारा पाठवतात तो जन्मतारखेच्या पासवर्डाने. शंभर वर्षांत तारखा असतात ३६,५२५. सेकंदाला हजार तारखा तपासणारा किरकोळ प्रोग्राम ३७ सेकंदांत त्या संपवतो. काही ठिकाणी पॅन क्रमांक हा पासवर्ड असतो. पॅनमध्ये दहा चिन्हे असतात खरी, पण व्यक्तीच्या पॅनचे चौथे अक्षर ‘पी’ ठरलेले, पाचवे आडनावाचे आद्याक्षर आणि शेवटचे पडताळणीचे. आडनाव कळले की जास्तीत जास्त ४५७ कोटी शक्यता उरतात, आणि त्या संगणकाच्या आवाक्यातल्या आहेत. ही आकडेमोड तरी कशाला? जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर, रुग्णालयाच्या केसपेपरवर आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांत असते. पॅन घरभाड्याच्या करारावर असतो. जी माहिती पन्नास टेबलांवरून फिरते तिला पासवर्ड म्हणणे ही फसवणूक आहे. ग्राहकाला वाटते फाईल बंद आहे. ती फक्त लोटलेली आहे.

कच्चे गुपितही टिकू शकते, फक्त दारावर पहारा हवा. एटीएमचा पिन चार आकड्यांचा, शक्यता १०,०००. संगणकाला हे क्षणाचे काम आहे. पण तीन वेळा चुकला की कार्ड अडते, म्हणून यदृच्छेने निवडलेला पिन नुसत्या अंदाजाने लागण्याचा संभव दहा हजारात तीन राहतो. सहा आकड्यांचा ओटीपी काही मिनिटांचाच असतो, म्हणून तो चालतो. हीच गोष्ट २०१६ मध्ये आयफोनच्या खटल्यात जगाने पाहिली. कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो इथे डिसेंबर २०१५ मध्ये झालेल्या हत्याकांडातल्या एका हल्लेखोराचा फोन एफबीआयच्या हाती आला, पण उघडेना. त्या फोनची रचनाच अशी होती की एक पासकोड तपासायला सुमारे ८० मिलिसेकंद लागावेत. त्या वेगाने चार आकड्यांचे सगळे कोड तपासायला जेमतेम तेरा-चौदा मिनिटे पुरतात, सहा आकड्यांचे २२ तास. लहान अक्षरे आणि आकडे मिळून सहा चिन्हे घेतली तर साडेपाच वर्षे. एफबीआयला अडवत होते ते कोडाचे लांबपण नव्हे. दर चुकीनंतर वाढत जाणारा विलंब आणि दहा चुकांनंतर माहिती पुसली जाण्याची शक्यता, हे दोन पहारेकरी आडवे आले होते. न्यायालयाचा आदेश ॲपलने हेच पहारेकरी हटवावेत असा होता. ॲपलने नकार दिला. मार्चमध्ये एफबीआयने दुसऱ्या कुणाच्या मदतीने फोन उघडला आणि खटला मागे घेतला.

पहारा उठला की काय होते, तेही पाहिलेले आहे. कंपनीकडची पासवर्डांची फाईलच चोरीला गेली तर चोर ती घरी नेऊन हवा तितका वेळ, हव्या त्या वेगाने फोडत बसतो. तिथे तीन चुकांची मर्यादा घालणारे कोणी नसते. लिंक्डइनच्या २०१२ च्या चोरीत हेच झाले. तिथे पासवर्ड झटपट हिशेबाच्या पद्धतीने आणि प्रत्येकात यदृच्छ चिन्हांची वेगळी चिमूट, ज्याला ‘सॉल्ट’ म्हणजे मीठ म्हणतात, ती न घालता साठवले होते, त्यामुळे ते भराभर उलगडले. मुद्दाम संथ चालणाऱ्या ‘बीक्रिप्ट’सारख्या पद्धती १९९९ पासून उपलब्ध होत्या. संस्थेने तो खर्च केला असता तर चोराचे काम हजारो पटींनी जड झाले असते. पासवर्ड कच्चा ठेवल्याचे बोल नागरिकाने ऐकायचे आणि तो कच्चा साठवणाऱ्याने मामुली माफीपत्रावर सुटायचे, ही वाटणी मला मान्य नाही.

आता सरकारचे म्हणणे. ते हलक्याने घेण्यासारखे नाही. लहान मुलांचे शोषण करणारे, बॉम्ब ठेवणारे, खंडणी मागणारे हेही त्याच अभेद्य कुलपामागे बसतात. पोलिसांच्या हाती फोन आहे, न्यायालयाचा हुकूम आहे, आणि तरी आतले दिसत नाही, ही तपास अधिकाऱ्याची तळमळ खरी आहे. बळी पडलेल्या मुलीच्या आईला १२८ बिटांचे कौतुक सांगून समाधान होणार नाही. म्हणून मागणी येते: कुलूप राहू द्या, पण आमच्यासाठी एक जादा किल्ली ठेवा, किंवा ते जरा आखूड ठेवा.

आपल्या देशाने हा प्रयोग केलेला आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवा खुली झाली, तेव्हाच्या परवान्यात ४० बिटांपर्यंतचीच किल्ली विनापरवानगी वापरता येईल अशी अट होती. त्यापुढे जायचे तर परवानगी घ्यायची आणि किल्ली सरकारकडे जमा करायची. त्याआधीच, जानेवारी १९९७ मध्ये, बर्कली विद्यापीठातल्या इयन गोल्डबर्ग या विद्यार्थ्याने सुमारे २५० संगणक जुंपून ४० बिटांची किल्ली साडेतीन तासांत काढून दाखवली होती. आणि २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिट सांगितले. एकाच देशात एक खाते आखूड कुलूप मागत होते आणि दुसरे लांब. पैशाचे व्यवहार सांभाळायचे होते म्हणून रिझर्व्ह बँकेला गणित मान्य करावे लागले. सप्टेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला. नागरिकांनी आपले संदेश उघड्या रूपात ९० दिवस जपून ठेवावेत, असे त्यात होते. गदारोळ झाला आणि काही दिवसांतच तो मागे घ्यावा लागला. २०२१ च्या नियमांनी संदेशाचा मूळ प्रेषक शोधता यावा अशी अट घातली आणि व्हॉट्सॲपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. प्रश्न मिटलेला नाही.

यावर माझे उत्तर एकच आहे: किल्ली कोणाच्या हाती आहे हे गणिताला कळत नाही. आखूड कुलूप जितक्या वेळात पोलीस उघडतात, तितक्याच वेळात खंडणीखोरही उघडतो. जादा किल्ली ठेवली की सगळ्या देशाची सुरक्षा त्या एका किल्लीच्या राखणीवर येते, आणि ती राखण माणसेच करतात. अथेन्समध्ये २००४-०५ मध्ये कायदेशीर टेहळणीसाठी दूरध्वनी यंत्रणेत ठेवलेल्या सोयीचाच वापर करून अज्ञातांनी खुद्द ग्रीसच्या पंतप्रधानांचा फोन ऐकला. २०२४ मध्ये अमेरिकी दूरसंचार कंपन्यांत चीनशी संबंधित हॅकर घुसल्याचे उघड झाले. ते न्यायालयीन आदेशाने चालणाऱ्या टेहळणीच्या यंत्रणांपर्यंतही पोचले होते, आणि मग तिथल्याच अधिकाऱ्यांनी नागरिकांना एन्क्रिप्ट केलेले संदेश वापरण्याचा सल्ला दिला. तपासाच्या वाटा बंद झालेल्या नाहीत. कोण कोणाशी कधी बोलले, पैसा कुठून कुठे गेला, संशयिताचा फोन उघडा असताना हाती लागला का, साथीदार काय सांगतो, यांतून खटले उभे राहतात. त्या वाटांना मनुष्यबळ आणि प्रशिक्षण लागते. ते द्यायचे सोडून कुलूपच आखूड करायला सांगणे हा सोयीचा मार्ग आहे, आणि त्याची किंमत निरपराध माणसे मोजतात.

आज आपल्याकडे ज्यांचे पैसे जातात, त्यांची किल्ली सहसा कुणी तपासून काढलेली नसते. फोन येतो. बोलणारा बँकेचा किंवा पोलिसांचा माणूस असल्याचे सांगतो. त्याला खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे ठाऊक असतात, जन्मतारीख ठाऊक असते, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो आणि ओटीपी सांगितला जातो. जन्मतारखेला ओळख मानण्याची सवय आपल्याला संस्थांनीच लावली. चोर त्या सवयीचा फायदा घेतो. बळजोरीने जे हजार कोटी वर्षांत साधले नसते ते आवाजातल्या अधिकाराने दोन मिनिटांत साधते.

संस्थांकडून मागायचे ते फार नाही. जन्मतारीख, पॅन आणि नाव यांना पासवर्ड म्हणणे बंद करावे आणि फाईल ग्राहकाच्या खात्यातूनच उतरवून घेता यावी. पासवर्ड संथ पद्धतीने साठवावेत. २००३ चे नियम फेकून द्यावेत. सरकारने कुलपाच्या लांबीत हात घालू नये. वाचकाने स्वतःपुरते एक करावे. शब्दांची क्रमांक घातलेली यादी घ्यावी. ७,७७६ शब्दांची अशी यादी ‘डाइसवेअर’ या नावाने १९९५ पासून उपलब्ध आहे. फासा पाच वेळा टाकला की एक शब्द मिळतो. असे सहा शब्द जोडून पासवर्ड बनवावा. शब्द फाशालाच निवडू द्यावेत, आपल्या आवडीला नव्हे. सेकंदाला एक लाख कोटी शक्यता तपासणाऱ्या यंत्रालाही त्या सगळ्या चाळायला सात हजार वर्षे लागतील. हा पासवर्ड सगळ्यात महत्त्वाच्या एका जागेसाठी पुरेसा आहे, बाकीचे पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपवर सोडावेत. आणि पुढच्या वेळी बँकेने किंवा विमा कंपनीने जन्मतारखेचा पासवर्ड लावलेली फाईल पाठवली तर मुकाट्याने उघडू नका. लेखी तक्रार करा, आणि तक्रारीत ३६,५२५ हा आकडा जरूर लिहा.